मोटारीतला विजेचा संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा माझी समजूत अशी झाली की उन्हाळी वाळवणे किंवा लोणची यांवर बोलावयाचे असेल. परंतु त्या म्हणाल्या, "छे, तुम्ही त्या दिवशी समोरच्यांची गाडी सुरू करून दिलीत ना, त्यावर बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मला गाडी चालवताही येत नाही. तेव्हा ज्यांना अधिक माहिती आहे त्यांनी माझे बोलणे गोड मानून घ्यावे.

मी या विषयाकडे वळले ती हौसेने नव्हे, एका रात्रीमुळे वळले. आमचे यजमान वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही पैसे साठवून एक जुनी, दुसऱ्याने वापरलेली लहान मोटार घेतली. ऐन मे महिन्यातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास मामंजींच्या छातीत दुखू लागले. अंगाला दरदरून घाम सुटला. यजमानांनी त्यांना उचलून गाडीत बसवले आणि चावी फिरवली. गाडीने नुसते 'कट्' केले. पुन्हा फिरवली, पुन्हा 'कट्'. दिवे मात्र लख्ख लागत होते. सासूबाई देवाचे नाव घेत होत्या आणि मी अनवाणीच शेजारच्यांची दारे वाजवत होते. शेजारची तीन मुले धावून आली. आमच्या गल्लीला रस्त्याकडे थोडा उतार आहे, म्हणून धक्का देऊन गाडी सुरू झाली आणि मामंजी दवाखान्यात वेळेवर पोचले. आज ते घरी बसून नातवाकडून पाढे म्हणवून घेतात. परंतु तो उतार नसता तर काय झाले असते, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

पुढे ऐका. दुसऱ्या दिवशी एका दुकानात गाडी दाखवली. त्यांनी बॅटरी गेली म्हणून सांगितले. नवी बसवली, साडेचार हजार रुपये गेले. आठ दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच 'कट्'. दुसऱ्याने सांगितले, सेल्फ खराब आहे. ते काम झाले, आणखी अडीच हजार गेले. हे सगळे पैसे मुलीच्या क्लासच्या फीचे होते. दहा दिवसांनी गाडी पुन्हा अडली. तेव्हा कोणीतरी एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचवले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी आधी काहीच खोलले नाही. बॉनेट उघडून एक जाड वायर घेतली, तिचे एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला धरले आणि दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवले. यजमानांना म्हणाले, "आता मारा सेल्फ." गाडी क्षणात सुरू झाली! मग त्यांनी इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी एक पट्टी काढून दाखवली. तिच्या टोकाला गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून ती परत घट्ट बसवली आणि शंभर रुपये घेतले.

आधीच्या दोघांनी आम्हाला लुबाडले असे मी म्हणत नाही. त्यांनी अंदाज बांधला आणि आम्हाला विचारता आले नाही. मी चाचांना म्हटले, "चाचा, मला हे समजावून सांगा." ते हसले, पण वहिनी म्हणून स्टूल पुढे केले. पुढे भाजीला जाता येता मी त्यांच्याकडे थांबून जे शिकले, तेच आज सांगते.

भगिनींनो, मोटारीतली वीज म्हणजे आपला संसारच आहे. त्यात एक कमावणारा, एक साठवणारी आणि पुष्कळ खर्च करणारे. साठवणारी म्हणजे बॅटरी. तिच्या पोटात सहा कप्पे असतात. प्रत्येकात शिशाच्या जाळ्या आणि पाणी घातलेले गंधकाचे तेजाब. एका कप्प्यातून साधारण दोन व्होल्ट मिळतात, म्हणून सहांचे मिळून बारा. पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते. बारापर्यंत उतरली की ती बरीचशी रिकामी झाली असे समजावे.

कमावणारा म्हणजे अल्टरनेटर. जुन्या अँबॅसडर आणि फियाट गाड्यांत त्याच्या जागी डायनॅमो असे, म्हणून जुनी माणसे अजून त्याला डायनॅमोच म्हणतात. इंजिन फिरले की एका पट्ट्याने हा फिरतो आणि वीज तयार करतो. आपल्या शिवणयंत्राचे मोठे चाक पट्ट्याने लहान चाकाला फिरवते, अगदी तसेच. गाडी चालू असताना दिवे, पंखा, हॉर्न या सगळ्यांचा खर्च हाच भागवतो आणि उरलेले बॅटरीत टाकतो. त्या वेळी मीटर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दाखवते. एवढे दाखवत नसेल तर कमाई थांबली आहे आणि घर शिलकीवर चालले आहे, हे ओळखावे.

खर्च करणाऱ्यांत सर्वांत उधळ्या म्हणजे सेल्फ. पुढच्या दिव्याचा एक बल्ब पाच अँपिअर वीज घेतो. सेल्फ मात्र इंजिनाला पहिला झटका देताना शंभर ते दोनशे अँपिअर ओढते. म्हणजे वीस ते चाळीस दिवे एकदम लावल्यासारखे. खर्च दोनचार सेकंदांचा, पण लग्नाच्या पंगतीसारखा. म्हणूनच दिवे लागतात आणि सेल्फ लागत नाही असे होऊ शकते. चार पाहुण्यांचा चहा होतो, म्हणून पंगत उठेलच असे नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण आमचे सात हजार तिच्यातच गेले. वीज बॅटरीच्या लाल बाजूने निघते, दिव्यात किंवा सेल्फमध्ये काम करते आणि काळ्या बाजूने बॅटरीकडे परत येते. परतीसाठी प्रत्येकाला वेगळी वायर दिलेली नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीचा रस्ता असतो. यालाच मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. जायचा रस्ता चांगला आहे, पण परतीच्या रस्त्यावरचा पूल मोडला आहे, अशी आमच्या गाडीची अवस्था होती. दिव्यांचा परतीचा रस्ता सांगाड्यातून होता, म्हणून ते लख्ख लागत होते. सेल्फ इंजिनाला बसवलेले असते आणि इंजिनाची पट्टी गंजली होती, म्हणून ते अडत होते. चाचांनी जाड वायर लावली ती त्या मोडक्या पुलाला बाजूने काढलेली वाट होती. बॅटरी नवी घातली काय, सेल्फ दुरुस्त केले काय, पूल मोडलेलाच!

चाचांनी मला गाडीचा आवाज ऐकायला शिकवले. चावी फिरवल्यावर काय होते त्यावरून निम्मा रोग कळतो.

काहीच आवाज नाही आणि दिवेही नाहीत, तर बॅटरी पार रिकामी आहे किंवा तिच्या डोक्यावरची पकड, म्हणजे टर्मिनल, सुटली आहे.

'कट् कट् कट् कट्' असा भराभर आवाज आणि दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे.

एकच 'कट्' आणि दिवे लख्ख, तर बॅटरीवर लगेच आळ घेऊ नये. आधी अर्थची पट्टी आणि वायरींची टोके पाहावी, मग सेल्फ.

सेल्फ जोरात फिरते पण इंजिन पेट घेत नाही, तर दोष पेट्रोलात किंवा ठिणगीच्या व्यवस्थेत. तिथे सेल्फ पुन्हा पुन्हा मारून चांगली बॅटरी संपवू नये.

आता आपल्या गावाविषयी. मराठवाड्याचा उन्हाळा माणसाला जड जातो तसा बॅटरीलाही जातो. उन्हाने तिच्यातले पाणी उडते आणि जाळ्या लवकर झिजतात. लोकांना वाटते की बॅटरी थंडीत मरते. खरे पाहता उन्हाळा तिला मारतो आणि डिसेंबरच्या पहाटे, इंजिनातले तेल घट्ट झाल्यावर, ते उघडकीस येते. ज्या बॅटरीला वर झाकणे आहेत तिच्यात दरमहा पाणी पाहावे. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो हे आपण रोज पाहतो. त्यातले क्षार बॅटरीत गेले तर तिचा नाश करतात. ज्यांना झाकणेच नाहीत अशा बंद बॅटऱ्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसरे दुखणे म्हणजे चोरपावलांनी होणारा खर्च. डिकीतला किंवा आतला लहान दिवा रात्रभर राहतो. पाच वॉटचा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतो, पण लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची असते. दोनतीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फपुरतेही शिल्लक राहत नाही. पुढचे दोन्ही दिवे विसरले तर तीनसाडेतीन तासांतच खेळ संपतो. लग्नाला गावी गेलो आणि परत येऊन पाहतो तो गाडी बंद, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

तिसरे म्हणजे उंदीर. पावसाळ्यात ते बॉनेटखाली उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. गाडी फार दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून एकदा नजर टाकावी.

फ्यूजविषयी थोडे सांगते. फ्यूज हा घरातल्या प्रामाणिक पहारेकऱ्यासारखा असतो. वीज मर्यादेबाहेर गेली की तो स्वतः जळतो आणि वायर वाचवतो. रंगावरून त्याची ताकद कळते. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. जळला तर त्याच रंगाचा घालावा. तो पुन्हा जळला तर कोठेतरी वायर घासून शॉर्ट झाली आहे, ती शोधून घ्यावी. चांदीचा कागद गुंडाळणे किंवा मोठा फ्यूज घालणे हे पाप कोणी करू नये. मग पहारेकरी जळत नाही, वायर जळते, आणि वायरीबरोबर गाडी.

वाटेत असताना समोर लाल रंगाचे बॅटरीचे चित्र पेटले, तर त्याचा अर्थ कमावणारा घरी बसला असा आहे. चावी दिल्यावर ते पेटते आणि इंजिन सुरू झाल्यावर विझते, ते ठीक. चालत्या गाडीत पेटले तर सुरक्षित जागी थांबून, इंजिन बंद करून, पट्टा तुटला आहे का ते पाहावे. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा इंजिनाचे पाणीही फिरवतो. तो तुटला असेल तर गाडी पुढे नेऊ नये, इंजिन तापून मोठे नुकसान होते. पट्टा शाबूत असेल आणि गाडी पुन्हा सुरू झाली, तर एसी, रेडिओ बंद करून सरळ जवळच्या मिस्त्रीकडे जावे आणि मध्ये इंजिन बंद करू नये. अंधार असेल तर मात्र दिवे बंद करून पुढे जाण्याचे धाडस करू नये, तिथेच मदत बोलवावी. आपल्याकडून धुळ्याला जाताना कन्नडचा घाट लागतो. तिथे रात्री असे झाले तर काय, याचा विचार घरून निघतानाच करावा.

आता हाताने करण्याजोगे काम. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमते, ती विजेची वाट अडवते. ती काढायला आपल्या स्वयंपाकघरातले सामान पुरते. गाडी बंद, चावी काढलेली. आणि भगिनींनो, आधी हातातल्या पाटल्या, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्या, मंगळसूत्र पदराआड घट्ट खोचावे. सोन्यातून वीज फार सहज जाते. पाना आणि पाटली मिळून दोन टोके जोडली गेली तर हात भाजतो. चाचांनी मला पहिला धडा हाच दिला. मग आधी काळी बाजू सोडवावी, नंतर लाल. लावताना आधी लाल, शेवटी काळी. असे का, तर लाल सोडवताना पाना चुकून सांगाड्याला लागला तरी काळी बाजू सुटलेली असल्यामुळे वाट पूर्ण होत नाही आणि ठिणगी पडत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दात घासायच्या ब्रशने टर्मिनल घासावे. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे पुसून, घट्ट आवळून, वर पातळ व्हॅसलिन लावावे. जवळ काडी पेटवू नये, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तेजाब अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर धुऊन तडक डॉक्टर गाठावा.

दुसऱ्या गाडीची वीज उसनी घ्यायची झाल्यास दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नयेत. लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या लाल बाजूला, मग त्यांच्या लाल बाजूला. काळी वायर त्यांच्या काळ्या बाजूला, आणि तिचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावे. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, ती बॅटरीजवळ नको. त्यांची गाडी चारपाच मिनिटे चालू ठेवून मग आपली सुरू करावी आणि वायरी उलट्या क्रमाने काढाव्या.

बायकांचे हे काम नव्हे असे कोणी म्हणेल. त्याला एक गोष्ट सांगावी. पहिली मोटार बनवणारे जर्मनीचे कार्ल बेंझ. त्यांची गाडी लोक घेईनात. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, तीच गाडी काढून मॅनहाइमहून आपल्या माहेरी फोर्त्सहाइमला गेल्या. शंभराहून अधिक किलोमीटर! मोटारीचा इतका लांबचा प्रवास तोवर कोणी केला नव्हता. म्हणजे मोटारीतून पहिली लांबची फेरी माहेरची झाली, हे आपण सर्वजणींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या वायरीवरचे आवरण झिजले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला असे सांगतात. म्हणजे मोटारीच्या वायरिंगची वाटेतली पहिली दुरुस्ती एका गृहिणीच्या हातची!

पुढे कित्येक वर्षे लोखंडी हँडल फिरवून गाडी सुरू करावी लागे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत विजेचे सेल्फ आले आणि हँडलची जरुरी संपत गेली. बायकांना गाडी चालवणे सोपे झाले त्यात या सेल्फचा वाटा मोठा आहे.

आणि आपण तर गाड्यांच्याच गावात राहतो. १९८५ पासून वाळूजला बजाजच्या गाड्या बनत आल्या आहेत. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल या कारखान्यांवर पेटते. आपली माणसे हजारोंनी गाड्या बनवतात आणि आपल्या दारातली गाडी अडली की आपण तिच्याकडे परक्यासारखे पाहतो. हे मला बरे वाटत नाही.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांच्यातही दिवे वगैरेंसाठी बहुधा बारा व्होल्टची लहान बॅटरी असतेच आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. परंतु त्या गाडीतल्या नारिंगी वायरींना कोणी हात लावू नये. त्यांत शेकडो व्होल्ट असतात, जिवाला धोका असतो. ते काम जाणत्या माणसाचेच.

समोरच्यांच्या गाडीची गोष्ट एवढीच की गेल्या वर्षी बारावीच्या परीक्षेच्या सकाळी त्यांची गाडी सुरू होईना. मुलगी रडकुंडीला आली. मी पाहिले तर टर्मिनल हाताने फिरत होते. भुकटी पुसली, पाना घेऊन आवळले, गाडी सुरू झाली. मुलगी पेपरला वेळेवर पोचली. त्यात माझा पराक्रम काही नव्हता. मला कुठे पाहायचे ते ठाऊक होते, इतकेच.

शेवटी दोन गोष्टी मागते. पहिली, दुरुस्तीला गेल्यावर भांडू नका, पण तीन प्रश्न जरूर विचारा. गाडी बंद असताना मीटर किती दाखवते? चालू असताना किती दाखवते? आणि सेल्फ मारताना किती उतरते? बंद असताना साडेबारा, चालू असताना चौदाच्या जवळ आणि सेल्फ मारताना दहाच्या खाली फारसे जात नसेल, तर बॅटरी आणि अल्टरनेटर बहुधा ठीक आहेत. मग आधी वायरींची टोके आणि अर्थ पाहायला सांगा. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. चाचा तर खूष होतात.

दुसरी मागणी मंडळाकडे. आपल्या भिशीच्या शिलकेतून एक साधा मीटर, एक पाना आणि वायरींची एक जोडी घ्यावी आणि ती मंडळाच्या कपाटात ठेवावी. कपाटाची किल्ली दोघीतिघींकडे असू द्यावी, कारण अडचण रात्री दोनला येते. प्रत्येक घराच्या दाराशी उतार नसतो.